बरं वाटणं आणि बरं होणं

२०१६ च्या पावसाळ्यात मी रोज सकाळी घराचं कुलूप अकरा-अकरा वेळा ओढून बघत होते. साताऱ्यातलं आमचं घर पहिल्या मजल्यावर. कुलूप लावायचं, ओढायचं, चार पायऱ्या उतरायच्या, पुन्हा वर जायचं, पुन्हा ओढायचं. रिक्षात बसलं की गॅसचं बटण डोळ्यांसमोर यायचं. दोनदा तर पोवई नाक्यापर्यंत गेलेली रिक्षा परत फिरवली. शाळेतली प्रार्थना चुकायला लागली, मस्टरवर लाल शेरे पडायला लागले, तेव्हा एका मैत्रिणीने एका समुपदेशकांचं नाव सुचवलं.

सहा महिने दर शनिवारी गेले. गृहस्थ भले होते. माझं बालपण, सासर, आईचं आजारपण, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर पडताना छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटायचं. विचार आला की मनगटातलं रबर ओढायचं आणि काहीतरी चांगलं आठवायचं, असा उपाय त्यांनी सांगितला होता. तोही मी मनापासून केला. सोमवारी सकाळी कुलूप मात्र पुढ्यात तसंच उभं. अकराचं चौदा झालं.

नंतर एका मानसोपचारतज्ज्ञांनी ‘मंत्रचळ’ असं निदान केलं, गोळी सुरू केली आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथेही मी बोललेच. पण पहिल्याच भेटीत त्यांनी वही काढायला लावली आणि विचारलं, “कुलूप एकदाच ओढून निघालात तर भीती शंभरात किती?” मी म्हटलं, “नव्वद.” “आणि खिडकीची कडी न बघता झोपलात तर?” “चाळीस.” “मग आपण खिडकीपासून सुरुवात करू.” साडेचार महिन्यांत मी कुलूप एकदाच लावून, एकदाच ओढून खाली उतरायला लागले.

पहिल्या ठिकाणी मला बरं वाटलं, दुसऱ्या ठिकाणी मी बरी झाले. मराठीत या दोन्हीला ‘बरं’च म्हणतात, म्हणून आपली गफलत होते. मनाच्या आजारात बोलण्याचे उपचार उपयोगी पडतात का, असं अनेक वाचक विचारतात. काही जण आशेने विचारतात, काही ‘नुसतं बोलून काय होणार’ अशा सुरात. उत्तर ‘हो’ असंच आहे, आणि ते ठाम आहे. मात्र कोणतं बोलणं, कोणत्या आजारात, सोबत औषध हवं की नको, आणि उपयोग होतोय हे ओळखायचं कसं, हे समजून घेतल्याशिवाय त्या ‘हो’चा आपल्याला फायदा नाही.

गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत काय घडलं

‘हे सगळं परदेशातलं, शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी’ ही शंका आधी दूर करू. तिचं सर्वात चांगलं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात सापडतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘संगत’ या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले सुमारे पाचशे रुग्ण निवडले. निम्म्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, जरा सुधारून, दिले. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज सहा ते आठ भेटी दिल्या, त्याही आठवड्याला एक, तीस-चाळीस मिनिटांच्या. या भेटी घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती त्याच भागातली, तिथलीच भाषा बोलणारी, किमान दहावी झालेली माणसं होती. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांनी घेतलेल्या भेटींचं ध्वनिमुद्रण दर आठवड्याला एकत्र बसून ऐकलं, तपासलं जात होतं.

तीन महिन्यांनी मोजणी झाली. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. भेटीही मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होतं. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

त्या भेटींत काय बोलत होते, ते इथे जरा खोलात जाऊन सांगते, कारण उपचाराचं मर्म त्यात आहे. माणूस खचला की एकेक गोष्ट सोडत जातो. आधी भजनी मंडळ सुटतं, मग शेजारणीकडे बसणं, मग केस विंचरणं, मग परसातल्या झाडांना पाणी घालणं. जेवढं सुटतं तेवढे दिवसातले बऱ्यापैकी क्षण कमी होतात, आणि तेवढंच मन आणखी खाली जातं. या चक्राला कुठून तरी खीळ घालायची, तर ‘बरं वाटलं की करीन’ याच्या जागी ‘आधी थोडं करते, मग बरं वाटतं का बघते’ असं म्हणावं लागतं. समुपदेशक समोरच्या बाईबरोबर बसून ठरवायचा: उद्या सकाळी फक्त अंगणापर्यंत जायचं. परवा बहिणीला फोन. पुढच्या भेटीत विचारायचा: झालं का? नसेल झालं तर काय आडवं आलं? ते मोठं होतं का, आणखी लहान करू या का? या पद्धतीला मराठीत ‘वर्तन-सक्रियता’ असा जड शब्द आहे. प्रत्यक्षात ती इतकी साधी आहे, आणि साधी असूनही एकट्याने करायला फार अवघड आहे.

विदर्भातही असं काम झालं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चार-पाच जणच कोणाकडे तरी मदत मागायला जात होते. प्रकल्पानंतर सत्तावीस जात होते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ज्या भागाची ओळख झाली, तिथली ही बातमी मात्र फारशी कोणाला माहीत नाही, याची मला खंत वाटते. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं आढळलं होतं. म्हणजे पहिला प्रश्न अजूनही ‘थेरपी उपयोगी आहे का’ हा नसून ‘ती आपल्यापर्यंत पोहोचते का’ हा आहे.

तासाभरात काय होतं आणि उरलेल्या आठवड्यात काय

आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यातला एक तुम्ही थेरपिस्टसमोर बसता. उरलेल्या एकशे सदुसष्ट तासांत काही बदललं नाही तर त्या एका तासाने बरं वाटेल, पण बरं होणार नाही. म्हणून चांगल्या उपचारात घरचा अभ्यास असतो. कधी विचारांची नोंद, कधी झोपेचं वेळापत्रक, कधी टाळलेल्या एखाद्या ठिकाणी दहा मिनिटं उभं राहणं.

महाराष्ट्रात यातली सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती आयुष्यभर शिकवली. घटना आणि आपली अवस्था यांच्यामध्ये आपली एक धारणा उभी असते, हे तिचं सूत्र. मुलगा नापास झाला ही घटना. ‘तो नापास झाला म्हणजे आई म्हणून मी फुकट गेले’ ही धारणा. दुःख पहिलीनेही होतं, पण अंथरुणाला खिळवते ती दुसरी. अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धतही याच कुळातली. तिला आज सर्रास सीबीटी म्हणतात. तिच्यावर जगभर सर्वाधिक अभ्यास झाले आहेत.

ही पद्धत म्हणजे ‘पॉझिटिव्ह विचार करा’ हा सल्ला नव्हे, हे मला जोर देऊन सांगायचं आहे. थेरपिस्ट तुमचा विचार खोटा ठरवत नाही, त्याची तपासणी करायला शिकवतो. ‘सगळे मला हसतात.’ सगळे म्हणजे कोण? काल कोण हसलं? तेव्हा दुसरं काही चाललं होतं का? या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच काढायची. कधी कधी विचार खराही निघतो: नवरा खरंच मारतो, साहेब खरंच छळतो. तिथे विचार बदलत बसण्यात अर्थ नाही, परिस्थिती बदलण्याची वाट शोधायला हवी. हे न ओळखणारा थेरपिस्ट नुकसान करतो.

कोणत्या आजारात किती

नैराश्य आणि चिंता यांच्या सौम्य-मध्यम अवस्थेत बोलण्याचे उपचार औषधाइतकेच उपयोगी पडू शकतात. तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून जे साधतं ते सहसा एकट्या कशानेही साधत नाही. गोळी झोप, भूक, अंगातलं बळ परत आणते, त्याला काही आठवडे लागतात, आणि ते बळ आलं की माणूस बोलण्याचा अभ्यास करू शकतो. मात्र सुरुवातीला साध्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. यांच्या कमतरतेत माणूस हुबेहूब उदास दिसतो, आणि थायरॉइड कितीही बोलून सुधारत नाही.

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक छाती धडधडून ‘आता मी मरते’ असं वाटणं, यात तर बोलण्याच्या उपचारांना फार चांगलं यश येतं. इसीजी दोनदा नॉर्मल आला, तरी भीतीपोटी घराबाहेर पडणं बंद झालेली कितीतरी माणसं आपल्या ओळखीत असतील.

मंत्रचळाचं मी अनुभवाने सांगते. त्यात गप्पा उपयोगाच्या नाहीत, आश्वासन तर घातकच. माझा नवरा बिचारा रोज सांगायचा, “हो गं, लावलंय कुलूप, मी पाहिलंय.” ते ऐकून मला दहा मिनिटं हलकं वाटायचं आणि अकराव्या मिनिटाला पुन्हा विचारावं लागायचं. बाईंनी त्यांनाही एकदा बोलावून घेतलं आणि सांगितलं, “तुमचं उत्तर म्हणजे तिच्या आजाराचं खाद्य आहे. आता तिने विचारलं की एवढंच म्हणायचं: ‘हे आपण ठरवलंय ना, मी उत्तर देणार नाही.’” पहिला आठवडा भयंकर गेला. मी त्यांच्यावर ओरडले, वाटेतच रडले. पण भीतीला उत्तर दिलं नाही, तर ती चढते, एका जागी थांबते आणि आपोआप उतरते. हे मला कुणी समजावून पटलं नसतं. एका सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभं राहून घड्याळात बघत होते, तेव्हा ते घडताना मी पाहिलं. नव्वदची भीती पंचेचाळीस मिनिटांत तीसवर आली होती, आणि मी कुलूप बघायला गेले नव्हते. तुमच्या घरी मंत्रचळ असेल तर थेरपिस्टला थेट विचारा: तुम्ही भीतीला सामोरं जाण्याचा आणि कृती रोखण्याचा सराव करून घेता का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरीकडे चला.

बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया यांत पाया औषधाचा. यावर तडजोड नको. जो कोणी, भलेही त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत, ‘गोळ्या सोडा, माझ्याकडे बसा’ म्हणेल त्याच्याकडून उठून या. पण पाया म्हणजे घर नव्हे. आजार परत उचल खातोय याची आगाऊ चिन्हं ओळखणं, झोपेची वेळ सांभाळणं, कानात येणाऱ्या आवाजांशी कसं वागायचं ते शिकणं, पुन्हा कामाला लागणं, हे बोलण्याच्या उपचारातून होतं. स्किझोफ्रेनियात तर सर्वाधिक लाभ होतो तो कुटुंबाला सोबत घेतल्याने. सततची टीका, टोमणे आणि जीव गुदमरवणारी काळजी असलेल्या घरात आजार पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते, हे लंडनमध्ये साठहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालेल्या अभ्यासांतून समोर आलं. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ हे शब्द रुळवले. शुभंकरांचा स्वमदत गट हाही बोलण्याचाच उपचार आहे. ज्या बापाने पाच वर्षं मुलाचा आजार नातेवाइकांपासून लपवला, त्याला त्या गटात पहिल्यांदा कुणीतरी ‘आमच्याकडेही असंच’ म्हणतं.

अपघात, पूर, अत्याचार यांनंतर लगेच माणसाला खोदून खोदून सगळं सांगायला लावू नका. अशा एकवेळच्या ‘मन मोकळं करून घेण्याने’ पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो. पहिल्या दिवसांत चहा, आसरा, झोप, ओळखीचा चेहरा पुरेसा. महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, दचकणं जात नसेल, तर मात्र त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत. व्यसनाबद्दल इथे एवढंच सांगते, की ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हे काम चाललंय आणि तिथेही औषधाच्या बरोबरीने गट, समुपदेशन आणि पाठपुरावा यांनाच महत्त्व आहे.

कोणाकडे जायचं

पाट्या वाचताना लोकांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, तो औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. ‘समुपदेशक’ या पाटीमागे एमए करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली माणसंही असतात आणि थोड्या आठवड्यांचा कोर्स केलेलीही. म्हणून पाटीपेक्षा प्रश्न विचारलेले बरे. तुमचं शिक्षण कुठे झालं? माझ्यासारख्या त्रासाच्या किती जणांबरोबर काम केलंय? कोणत्या पद्धतीने करता? साधारण किती भेटी लागतील? सुधारणा होतेय हे आपण कशावरून ठरवणार? तुमच्या कामावर कुणाची देखरेख आहे का? चांगला माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. माझ्या बाईंनी शेवटच्या प्रश्नावर हसून सांगितलं होतं, “हो, दर पंधरा दिवसांनी माझ्याही सरांकडे मी केस घेऊन जाते.”

सावध करणाऱ्या खुणा ओळखायला अवघड नाहीत. दहा मिनिटांत निदान आणि वीस मिनिटांत सल्ला. ‘शंभर टक्के गॅरंटी.’ भेट चालू असताना फोन घेणं. तुमचं गुपित तुमच्या सासूच्या कानी जाणं. पंचवीस भेटींचे पैसे आगाऊ भरायला लावणं. खडा, अंगठी, पूजा सुचवणं. आणि शरीराला नको तसा स्पर्श, क्लिनिकबाहेर भेटायचा आग्रह, रात्रीचे खासगी मेसेज. यातलं शेवटचं घडलं तर दोष तुमचा नाही. तिथून निघा, आणि विश्वासातल्या माणसाला सांगा.

पैशाचा प्रश्न खरा आहे. मोठ्या शहरांत एका भेटीला हजार-दीड हजार रुपये सर्रास लागतात. ज्यांना ते झेपत नाहीत त्यांनी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आधी गाठावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांचे बाह्यरुग्ण विभाग नाममात्र शुल्कात तपासतात. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. ठाण्यातली आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली संस्था मराठीतून हे काम करते. तिथे रांग असेल, वाट पाहावी लागेल, पण नाव तरी घालून ठेवा. विम्याबद्दल माहीत असू द्या: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शरीराच्या आजाराइतकंच मनाच्या आजाराला विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे. मात्र साध्या पॉलिसीत सहसा रुग्णालयात भरती झाल्याचाच खर्च मिळतो, दर आठवड्याच्या भेटींचा नाही. पॉलिसीतली ओळ वाचून घ्या.

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बेंगळुरूत नोकरी करणारा एक तरुण मला म्हणाला, “इंग्रजीत मी माझ्याबद्दल रिपोर्ट देतो, मराठीत रडू येतं.” जीव घाबराघुबरा होणं, पोटात गोळा येणं, कशात जीव न लागणं, या शब्दांना जी चव आहे ती भाषांतरात उतरत नाही. आपल्याकडच्या बायका तर मनाचं दुखणं अंगावर सांगतात: डोकं जड, हातापायांत मुंग्या, कणकण. मराठी जाणणारा थेरपिस्ट ते ऐकून नेमका प्रश्न विचारतो. परगावी, परदेशी असाल तर व्हिडिओवरून मराठी माणसाशी बोला. नैराश्य-चिंतेत व्हिडिओवरचे उपचारही समोरासमोरच्या इतकेच उपयोगी पडलेले आढळलेत. अडचण असते ती जागेची. दोन खोल्यांच्या घरात सासरा बाहेर टीव्ही बघत असताना कसं बोलणार? लोक गच्चीवर जातात, उभ्या गाडीत बसतात, कानात इअरफोन घालतात. घरच्यांनी तो एक तास त्या माणसाला सोडून द्यावा आणि नंतर ‘काय काय बोललीस’ हे विचारू नये. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

गोपनीयतेची काळजी बहुतेकांना असते. २०१७ च्या त्याच कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. अपवाद मोजके आहेत, मुख्य म्हणजे जिवाला धोका असेल तेव्हाचा. हे अपवाद पहिल्याच भेटीत विचारून घ्या. पूर्वी कधी जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने ते लपवू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

उपयोग होतोय का

सहा ते आठ भेटी झाल्या की थांबून हिशेब करा. रडू कमी आलं का, हा हिशेब नव्हे. झोप किती तास? आठवड्यात किती दिवस कामावर? कुलूप किती वेळा? सोडलेल्यांपैकी कोणती एक गोष्ट परत सुरू झाली? सुरुवातीच्या काही भेटींनंतर मन जास्त ढवळतं, दोन दिवस जड जातात, त्याला घाबरू नका. पण दोन महिन्यांत आकडा तसूभरही हलला नसेल तर थेरपिस्टला सरळ सांगा. बऱ्याचदा तिथूनच खरं काम सुरू होतं. तरीही काही बदललं नाही, तर पद्धत किंवा माणूस बदला. सगळ्यांना पहिल्याच माणसाकडे यश येत नाही, काहींना औषध वाढवावं लागतं. पहिल्या समुपदेशकांकडे मी सहा महिने काढले ते भिडेपोटी. ‘एवढं ऐकून घेतात, त्यांना कसं सांगू की फरक पडत नाही?’ ती भीड मला सहा महिन्यांना पडली.

आणि काही वेळा भेटीची तारीख येईपर्यंत थांबायचंच नसतं. माणूस जेवण-पाणी सोडतो, कानात आवाज येऊन हुकूम देतात, तीन रात्री न झोपता सुसाट बोलत सुटतो, किंवा जीव द्यायच्या गोष्टी करतो, तेव्हा त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा. “मरावंसं वाटतं का?” असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना सुटका झाल्यासारखं वाटतं. घरातली कीटकनाशकं, गोळ्यांचे साठे कुलपात टाका आणि माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतून. जिवावर बेतलं असेल तर ११२. १४४१६ वर फोन करायला जिवावर बेतण्याची वाट पाहायची नाही, ‘मला कोणाकडे जावं कळत नाही’ एवढं सांगायलाही तो करता येतो. काय बोलायचं सुचत नसेल तर समोर कागदावर एक वाक्य लिहून घ्या आणि ते वाचून दाखवा. माझ्या वेळी ही सेवा नव्हती, पण मदतीसाठीचा पहिला फोन मीही तसाच केला होता: “मी दाराचं कुलूप पुन्हा पुन्हा बघते आणि मला ते थांबवता येत नाही.”

शेवटच्या भेटीत बाईंनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं. आजार परत येऊ लागला तर आधी काय दिसेल, दिसलं तर मी काय करीन, नवऱ्याने काय करायचं, कोणत्या टप्प्याला बाईंना फोन करायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून ते चिकटवलेलं आहे, आता कडेने पिवळं पडलंय. त्यावरची पहिली ओळ आहे: ‘निघताना कुलपाचा मोबाइलवर फोटो काढावासा वाटणं.’ गेल्या जूनमध्ये आईच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तसं वाटलं. मी दुसरी ओळ वाचली, फोटो काढला नाही, आणि शुक्रवारची वेळ घेतली.